परदेशातला वाचक आणि फुकटची पीडीएफ

नवं मराठी पुस्तक आलं की त्याची स्कॅन केलेली पीडीएफ टेलिग्रामवर फिरू लागते, ही पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची जुनी तक्रार. त्यावर उत्तरही ठरलेलं: "लोक वाचतायत ना, मग बिघडलं कुठे?" इथे ब्रिटनमधल्या मराठी गटांतही त्या पीडीएफ सर्रास येतात. आमची सबब वेगळी: इकडे मराठी पुस्तकं मिळत नाहीत.

ही सबब एकेकाळी खरी होती. आज कितीतरी पुस्तकं ई-बुक म्हणून विकत मिळतात. तीनशे रुपयांचं पुस्तक लंडनमधल्या एका कॉफीहून स्वस्त पडतं. त्यावर दहा टक्के मानधन धरलं, तर हजार प्रतींची अख्खी आवृत्ती संपल्यावर लेखकाच्या हाती तीस हजार रुपये येतात, आणि ती संपायला कधीकधी वर्षं लागतात. पौंडात कमावणाऱ्यांनी त्यातलेही बुडवावेत, याचा मला संताप येतो.

प्रत्येक नक्कल चोरीच असते, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर दावा लावला होता. शिकवण्यासाठी लागणाऱ्या उताऱ्यांच्या नकला कायद्यात बसतात, असं उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं. मला तो निकाल न्याय्य वाटतो. त्या विद्यार्थ्यांना इतकी महागडी पुस्तकं परवडणारच नव्हती. वर्षानुवर्षं छापलंच न गेलेलं पुस्तक कुणी स्कॅन करून ठेवलं, तर त्यालाही मी दोष देणार नाही.

पण फुकट वाचायला मिळावं आणि लेखकाचंही पोट भरावं, यासाठी ब्रिटनने काढलेली वाट आपल्याकडच्या वादात कुणी मांडत नाही. लेखकांच्या दीर्घ लढ्यानंतर १९७९ मध्ये इथे 'पब्लिक लेंडिंग राइट'चा कायदा झाला. सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचायला नेलं की सरकार लेखकाला दरवेळी काही पेन्स देतं, वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड. वाचकाला एक पैसाही पडत नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालय कायदा आहे, गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत. पुस्तक घरी नेल्याची नोंद तिथे होतेच. त्या नोंदीवर लेखकाला दोन रुपये मिळावेत, असा ठराव साहित्य संमेलनाने करावा आणि सरकारच्या मागे लागावं.