यकृतासाठी घेतलेला अर्क यकृतालाच भोवू शकतो

व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक संदेश वाचून माझ्या मावशीने मधुमेहाची गोळी परस्पर बंद केली आणि गार्सिनियाच्या कॅप्सूल मागवल्या, म्हणून हा खटाटोप. संदेश सांगतो की गार्सिनिया म्हणजे आपले कोकमच, त्याच्या अर्काने चरबी वितळते, फॅटी लिव्हर (यकृतात चरबी साठण्याचा विकार) तीस दिवसांत नाहीसे होते, वनस्पतीजन्य असल्यामुळे त्याचा अपाय शून्य आहे आणि साखरेच्या गोळ्यांची गरज उरत नाही.

पहिला दावा अर्धवट आहे. कॅप्सूलमध्ये बहुधा कोकम नसून केरळात माशांच्या कालवणात घालतात त्या कुडंपुळीचा अर्क असतो. दोन्ही झाडे गार्सिनिया या एकाच वंशातील असून दोन्हींच्या फळांत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते, एवढे खरे. पिष्टमय पदार्थांपासून चरबी तयार होण्यासाठी लागणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) हे आम्ल रोखते आणि उंदरांवरील प्रयोगांत त्याचा परिणामही दिसला होता, हेही नाइलाजाने मान्य करतो. पण माणसांचे काय? अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जादा वजनाच्या १३५ जणांना कमी उष्मांकाचा आहार देऊन १२ आठवडे रोज एकतर १,५०० मिलिग्रॅम हे आम्ल किंवा हुबेहूब दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल दिली गेली. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो घटले आणि निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांचे ४.१ किलो, संख्याशास्त्रीयदृष्ट्या दोहोंत फरक नव्हता. चरबी ‘वितळवणाऱ्या’ अर्काची ही कामगिरी!

खरा संताप ‘अपाय शून्य’ या शब्दांचा येतो, कारण हा अर्क ज्या अवयवासाठी विकला जातो त्यालाच तो इजा करू शकतो. औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी संशोधकांनी २०२२ मध्ये गार्सिनियायुक्त पूरके घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या २२ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेकांच्या पूरकांत ग्रीन टीचा अर्कही होता, पण काहींनी केवळ गार्सिनियाच घेतले होते. आपल्याकडेही करोनाकाळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला झालेली इजा मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवली, त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि पुढे देशातील १३ केंद्रांनी मिळून असे आणखी रुग्ण मांडले. आमटीतली दोन आमसुले किंवा वाटीभर सोलकढी यांचा येथे संबंध नाही. प्रश्न महिनोन्महिने पोटात जाणाऱ्या दाट अर्काचा आहे.

तीस दिवसांच्या मुदतीबद्दल काय बोलावे? क्यूबात २९३ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहार व व्यायामाने वजन दहा टक्के किंवा अधिक घटवलेल्यांपैकी ९० टक्के रुग्णांच्या यकृतातील चरबीजन्य दाह निवळला होता. त्यासाठी त्यांना कोणताही अर्क लागला नाही.

राहिली गोळी सोडण्याची गोष्ट. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचे मूळही गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतील संयुगांपर्यंत जाते, त्यामुळे वनस्पती विरुद्ध गोळी असे भांडणच मुळात खोटे आहे. ती गोळी बंद केल्यास साखर वाढते आणि ते रक्त तपासेपर्यंत कळतही नाही. गार्सिनियाची कॅप्सूल आधीच सुरू असेल आणि लघवी गडद होणे, डोळे पिवळे पडणे, मळमळ किंवा अंगाला खाज अशी लक्षणे दिसली, तर ती त्याच दिवशी थांबवून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना बाटली दाखवावी.