बॅटरी उतरली म्हणून हवाई हद्द मोकळी होत नाही

ड्रोन उडवणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतो आहे. बॅटरी २० टक्क्यांवर आली की ‘रिटर्न टू होम’चे बटण दाबावे, ड्रोन सरळ रेषेत परत येते, वाटेत निषिद्ध क्षेत्र लागले किंवा उंचीची मर्यादा ओलांडली गेली तरी बिघडत नाही, कारण कमी बॅटरी ही आणीबाणी असते आणि आणीबाणीत नियम लागू राहत नाहीत, असा त्याचा आशय आहे. जोडीला, इंधन कमी झाल्याचे कळवताच प्रवासी विमानाला प्राधान्य मिळते, असा दाखला दिला जातो. या सल्ल्याची जवळजवळ प्रत्येक पायरी कच्ची आहे.

आधी नियमाचे पाहू. अमेरिकेच्या छोट्या मानवरहित विमानांच्या नियमावलीतील कलम १०७.२१ नुसार, उड्डाणात तातडीने काही करणे भाग पडावे अशी आणीबाणी आली, तर वैमानिकाला त्या नियमावलीतील कोणताही नियम बाजूला ठेवता येतो. सल्ला देणारे इथेच वाचन थांबवतात. त्याच वाक्यात ही सूट ‘आणीबाणीला तोंड देण्यापुरतीच’ असल्याचे म्हटले आहे, आणि पुढे प्रशासनाने मागितल्यास लेखी अहवाल देण्याचे बंधनही आहे. शिवाय कलम १०७.४९ नुसार नियोजित वेळेला पुरेल इतकी ऊर्जा शिल्लक आहे ना, याची खात्री उड्डाणापूर्वीच करावी लागते. बॅटरीचा एखादा सेल हवेत अचानक निकामी झाला, तर या सवलतीचा आधार घेता येईल. पण ‘अजून एक फेरी’ म्हणत पुढे नेलेल्या ड्रोनची बॅटरी उतरली, तर त्या अहवालात लिहिणार काय? खाली मोकळे मैदान असताना निषिद्ध क्षेत्र ओलांडून ड्रोन आपल्या पायाशी आणणे ही गरज नव्हे. तो यंत्र वाचवण्याचा मोह आहे.

प्रवासी विमानांचा दाखला तर उलटाच पडतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार जेट विमानाला ३० मिनिटांचे अंतिम राखीव इंधन सांभाळावे लागते. वैमानिकाने ‘मिनिमम फ्युएल’, म्हणजे आता आणखी उशीर परवडणार नाही, असे कळवले, तरी केवळ तेवढ्याने त्याला प्राधान्य मिळत नाही. राखीव साठ्याला हात लावल्याशिवाय उतरता येणार नाही असे दिसले, की मगच ‘मेडे फ्युएल’, म्हणजे इंधनाची आणीबाणी, पुकारायचे असते. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ एव्हियांकाचे ५२ क्रमांकाचे उड्डाण इंधन संपून कोसळले आणि ७३ जणांचा जीव गेला. त्या वैमानिकांनी प्राधान्य मागितले होते, इंधन संपत आल्याचेही सांगितले होते, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नव्हता.

आता त्या २० टक्क्यांकडे वळू. ड्रोनचा हवेतला वेग सेकंदाला १५ मीटर आहे आणि पाठीमागून ८ मीटरचा वारा आहे, असे धरा. दोन किलोमीटर जायला साधारण ८७ सेकंद लागतील. परतताना तोच वारा समोरून येणार, जमिनीच्या तुलनेतला वेग सेकंदाला ७ मीटरवर घसरणार आणि तेच अंतर कापायला २८६ सेकंद लागणार, म्हणजे तिपटीहून अधिक. मल्टिरोटरची, म्हणजे अनेक पंख्यांवर तरंगणाऱ्या ड्रोनची, ऊर्जा मुख्यतः हवेत टिकून राहण्यातच खर्च होत असल्याने हिशेब अंतराचा नव्हे, वेळेचा करावा लागतो. त्यातच पडद्यावरचा टक्का हा अंदाज असतो. पूर्ण भरलेल्या लिथियम पॉलिमर सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो, ३ च्या खाली तो सेल खराब होऊ लागतो, आणि थंडीत किंवा मोटारींवर जोर पडताच दाब झपाट्याने खाली येतो. नाक खाली करून वाऱ्याशी झगडणाऱ्या ड्रोनचा आकडा पाहता पाहता कसा घसरतो, हे एकदा अनुभवले की २० टक्क्यांवरचा विश्वास उडतो.

‘रिटर्न टू होम’ हवाई हद्द ओळखून वाट काढते, हाही गैरसमज आहे. बहुतेक ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढते आणि मग सरळ निघते. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटरपर्यंतच विनापरवानगी उडता येते. तिथे झाडे चुकवण्यासाठी परतीची उंची १०० मीटर ठेवलेली असेल, तर बटण दाबताच नियमभंग होतो. वर वारा सहसा अधिक असतो, ते वेगळेच. सॉफ्टवेअरचे कुंपण असलेली काही ड्रोन निषिद्ध क्षेत्राच्या सीमेपाशी येऊन थांबतात आणि उरलीसुरली बॅटरी तिथेच जाळतात. बॅटरी फारच खालावली, तर अनेक ड्रोन असतील तिथेच उतरू लागतात. खाली पाणी आहे की गर्दी, हे पाहत नाहीत.



त्यामुळे जाताना वारा समोरून घ्यावा, परतीची वेळ घड्याळावर ठरवावी, परतीची उंची त्या जागेच्या मर्यादेत बसवावी आणि मार्गालगतच्या दोन-तीन मोकळ्या जागा उड्डाणापूर्वीच नकाशावर हेरून ठेवाव्यात. बॅटरी पुरणार नाही असे दिसताच त्यांपैकी जवळच्या जागी ड्रोन उतरवावे आणि चालत जाऊन आणावे. जागा खासगी असेल, तर आत पाऊल टाकण्याआधी मालकाला विचारावे.