फोनवर रिंग गेली म्हणजे माणूस जिवंत आहे असं नसतं

सध्या आमच्या आर्वी तालुक्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आणि त्याखाली लांबलचक मजकूर फिरतो आहे. २०१४ साली बेपत्ता झालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच ३७० विमानाबद्दल. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: विमान कोसळलंच नाही. अमेरिकेने ते हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या आपल्या लष्करी तळावर उतरवून घेतलं. प्रवासी जिवंत आहेत, कारण त्यांचे फोन चार दिवस वाजत होते. आजच्या काळात एवढं मोठं विमान हरवूच शकत नाही. एक तुकडाही सापडला नाही. सगळ्या सरकारांनी मिळून फाइल बंद केली. आणि शेवटी, वीस जणांना पाठवा.

एरवी मी अशा मजकुराच्या वाटेला जात नाही. पण हा आमच्या मोठीआईपर्यंत पोचला, म्हणून लिहितो आहे. फोनचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं.

मोठीआईचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, बऱ्याच वर्षांपूर्वी सुरतेला कामाला गेला तो परत आला नाही. हरवल्याची तक्रार आहे, शोध लागलेला नाही. तिने मोठ्या कष्टाने स्वतःला सावरलं होतं. व्हिडिओ पाहिल्यापासून ती पुन्हा त्याचा जुना नंबर लावू लागली. मी समजावायला गेलो तर म्हणाली, "त्या लोकायचे फोन वाजत होते म्हणते ना बापू. मंग आपल्या पोराचाही तं वाजते." वाजतो, कारण तो नंबर कंपनीने केव्हाच दुसऱ्या कुणाला दिला आहे. बंद पडलेले नंबर असेच पुन्हा वाटले जातात. पलीकडचा माणूस तिच्यावर खेकसतो आणि ती रात्री पुन्हा लावते. व्हिडिओ बनवणाऱ्याला हे दिसत नाही. पाठवणाऱ्यांना तरी दिसावं.

आता विमानातल्या फोनांचं. काही नातेवाइकांनी रिंग ऐकू आल्याचं सांगितलं, हे खरं आहे. ते खोटं बोलत नव्हते. पण आपल्याला ऐकू येणारी रिंग समोरच्या फोनमधून येत नसते, ती नेटवर्क ऐकवत असतं. समोरचा फोन नेमका कुठे आहे हे शोधणं चालू असतानाही, विशेषतः परदेशातल्या कॉलला, ती वाजू शकते. मग फोन सापडला नाही की कॉल तुटतो. एकाही प्रवाशाने तो फोन उचलून शब्द बोलल्याचा पुरावा नाही.

यातली एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मन नसलं तरी. सहवैमानिकाचा मोबाइल रात्री १ वाजून ५२ मिनिटांनी मलेशियातल्या पेनांगमधल्या एका टॉवरला क्षणभर सापडला होता. मलेशियाच्या जुलै २०१८ च्या अंतिम तपास अहवालात ही नोंद आहे. पण त्या वेळी विमान पेनांगजवळूनच उडत होतं, हे रडारवरूनही ठाऊक आहे. त्या नोंदीत कॉल नाही, बोलणं नाही. त्यावरून चार दिवस फोन वाजल्याची कथा उभी राहत नाही.

हा अहवाल जवळपास पाचशे पानांचा आहे आणि दिएगो गार्सियाचा दावाही त्यातल्या माहितीपुढे टिकत नाही. विमान ८ मार्च २०१४ ला मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगला निघालं. आत २३९ माणसं होती, त्यांत ५ भारतीय, मराठी घरांतलीसुद्धा. १ वाजून २१ मिनिटांनी ते नागरी रडारवरून गेलं. मग मागे वळून मलेशिया ओलांडताना लष्करी रडारवर दिसलं, २ वाजून २२ मिनिटांपर्यंत. पण विमानातलं एक यंत्र त्यानंतरही इनमारसॅट कंपनीच्या उपग्रहाला साधारण तासातासाने हजेरी देत राहिलं. शेवटची हजेरी सकाळी ८ वाजून १९ मिनिटांची.

संकेताला जायला-यायला किती वेळ लागला यावरून विमान उपग्रहापासून किती दूर होतं ते काढता येतं. तेवढ्या अंतरावरच्या सगळ्या जागा जोडल्या की पृथ्वीवर एक वर्तुळ मिळतं. शेवटच्या हजेरीच्या वर्तुळाचा विमानाला गाठता येण्याजोगा भाग दिएगो गार्सियापासून हजारो किलोमीटर दूर, पूर्वेकडे आहे. कारण तो उपग्रह हिंदी महासागराच्या मध्यावर उभा होता आणि दिएगो गार्सिया त्याच्या खालच्याच भागात येतं. विमान तिथे उतरलं असतं तर संकेत फार लवकर परतला असता. तो तसा परतला नाही. संकेतांच्या कंप्रतेत (फ्रिक्वेन्सीत) पडलेला फरकही विमान दक्षिणेकडे गेल्याचंच सांगतो.

तुकडा सापडला नाही, हे तर सरळ खोटं. २९ जुलै २०१५ ला हिंदी महासागरातल्या फ्रान्सच्या रियुनियन बेटाच्या किनाऱ्यावर पंखाचा एक भाग लागला, त्यावर समुद्री जीव चिकटलेले होते. आतल्या क्रमांकांवरून तो याच विमानाचा असल्याचं फ्रेंच तपासयंत्रणेने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर केलं. पुढे टांझानिया आणि मॉरिशसमध्येही पंखांचे तुकडे मिळाले आणि तेही याच विमानाचे ठरले.

'विमान हरवूच शकत नाही' म्हणणाऱ्यांनी आपल्याच हवाई दलाचं एएन-३२ हे मालवाहू विमान आठवावं. २२ जुलै २०१६ ला ते २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. अवशेष जानेवारी २०२४ मध्ये हाती लागले, चेन्नईच्या किनाऱ्यापासून फक्त ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल. एमएच ३७० साठी २०१७ पर्यंत १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळला गेला. आपला सगळा विदर्भ मोजला तरी तेवढा भरत नाही, आणि हा तळ काही ठिकाणी सहा किलोमीटर पाण्याखाली.

सरकारांनी लपवलं, या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. विमान मागे वळल्याचं लष्करी रडारने टिपलेलं असूनही कितीतरी दिवस दक्षिण चीन समुद्रात शोध चालू राहिला. हवाई नियंत्रण कक्षांनी धोक्याचा इशारा द्यायला तासन् तास घालवले. २०१८ च्या अहवालाने या चुका दाखवल्या आणि मलेशियाच्या नागरी विमान वाहतूक प्रमुखांनी राजीनामा दिला. विमान का वळलं, कुणी वळवलं, याचं उत्तर अहवालालाही देता आलेलं नाही. तिसऱ्या कुणाचा हात असण्याची शक्यता त्याने पूर्णपणे नाकारलेली नाही. पण उत्तर मिळालं नाही म्हणून वाटेल ते उत्तर घालून द्यायचं का?

टीव्हीने नेमकं तेच केलं. सीएनएनवर निवेदकाने विमान कृष्णविवरात गेलं असेल का, अशी शक्यता विचारली. क्वालालंपूरच्या विमानतळावर नारळ आणि बांबूची दुर्बीण घेऊन विमान शोधणारा मांत्रिक जगभर दाखवला गेला. चोरीच्या पासपोर्टवर चढलेल्या दोन इराणी तरुणांना लगेच अतिरेकी ठरवलं. इंटरपोलला त्यांचा दहशतवादाशी संबंध सापडला नाही, ते आश्रयासाठी युरोप गाठायला निघाले होते. आजचा व्हिडिओ याच उरलेल्या गाळावर उभा आहे.

फाइल बंद, हा शेवटचा मुद्दा. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या कंपनीने पुन्हा शोध घेतला, हाती काही आलं नाही. तरी मार्च २०२५ मध्ये मलेशिया सरकारने त्याच कंपनीबरोबर नव्या १५,००० चौरस किलोमीटरच्या शोधाला मंजुरी दिली. विमान सापडलं तरच ७ कोटी डॉलर द्यायचे, नाहीतर काही नाही. प्रवासी बेटावर बसवून ठेवले असते तर समुद्रतळ शोधायला हा करार कुणी केला असता?

ज्यांच्या ग्रुपवर हा व्हिडिओ आहे, त्या ॲडमिन मंडळींनी तो आजच काढावा. बचत गटांच्या ग्रुपवर तर तो पुन्हा टाकूच नये.