पाचावरून थेट एकवीस? थोडं थांबा

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, डिसेंबरच्या एकवीसला नाव घातलं!" इतका खुशीत होता की मला पटकन काही बोलवेना. गणपतीत त्याने पहिल्यांदा न थांबता पाच किलोमीटर पूर्ण केले होते. त्याला झाले जेमतेम सहा आठवडे, आणि आता थेट हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर!

१९८३ साली पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हा पळणारे म्हणजे खेळाडू असायचे. आता पावसाळा सरला की दर रविवारी कुठे ना कुठे शर्यत असते आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेडलचे फोटो पडतात. माणसं पहाटे उठून घराबाहेर पडताहेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण पाच जमले की दहाला फाटा देऊन सरळ हाफ मॅरेथॉन, ही जी रीत पडत चालली आहे ती चुकीची आहे. हे मी ऐकून नाही सांगत, भोगून सांगते आहे.

तीन वर्षांपूर्वी मी एका ग्रुपबरोबर पळायला लागले. पाचवरून सात आठवड्यांत चौदावर गेले. दम लागत नव्हता, झोप छान लागत होती, वाटलं जमलं आपल्याला. मग उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. तिथल्या प्रशिक्षकाचं म्हणणं, "दुखणं डोक्यात असतं, पळत राहा, जाईल." मी पळत राहिले. एका सकाळी पलंगावरून उतरून पाय टेकला आणि कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. बोट ठेवून दाखवता येईल अशी रुपयाएवढी जागा होती ती. एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा दिसला. तीन महिने पळणं बंद. त्यातले पहिले काही आठवडे तर जिना उतरतानाही कठड्याला धरून.

तेव्हा डॉक्टरांनी जे समजावलं ते कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, त्यामुळे दम वाढतो आणि आपल्याला वाटतं की शरीर तयार झालं. हाडांचं आणि स्नायूबंधांचं गणित वेगळं. ताण पडला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. या सगळ्याला तीन-चार महिने लागतात आणि मधल्या काळात ते थोडं कच्चंच असतं. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. पाच किलोमीटरमध्ये एकेका पायाची तीन हजारांच्या आसपास पावलं पडतात. दम साथ देतो म्हणून त्या कच्च्या हाडावर अंतर चढवत गेलो की काय होणार?

हे सगळं भाच्याला सांगितलं, तर त्याने मला फडेप्पा चौगुल्यांचं उदाहरण दिलं! बेळगावचे चौगुले १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले होते. आणि भारताचा तो संघ जाण्यामागची गोष्ट तर आपल्या डेक्कन जिमखान्याचीच. तिथल्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी दोराबजी टाटांनी पाहिले आणि ही माणसं ऑलिंपिकला जायला हवीत असं त्यांच्या मनाने घेतलं. "त्यांच्याकडे कुठे प्लॅन होते, मावशी?" अरे बाबा, ते शेतकरी लहानपणापासून रोज मैलोन्‌मैल चालत होते. ढेकळांतून, चढावरून, डोक्यावर ओझं घेऊन. त्यांची हाडं शर्यतीच्या आधी वीस वर्षं तयार होत होती. तू हिंजवडीला दहा तास खुर्चीत बसतोस. तुझी तयारी आत्ता कुठे सुरू झाली आहे.

मग अंतर वाढवायचं कसं? माझं उत्तर एकच आहे: हळू पळा. आत्ता पळता त्याहून हळू. चालणारे आजोबा शेजारून पुढे गेले तरी चालेल. किती हळू, हे घड्याळापेक्षा तोंड चांगलं सांगतं. मी पळताना एकोणीसचा पाढा म्हणते. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न... सलग म्हणता आला तर वेग बरोबर. 'चोक'पाशी श्वास तुटला की मी वेग कमी करते, लागलं तर चालते. या वेगाने मला किलोमीटरला साडेआठ मिनिटं लागतात. स्ट्राव्हावर, म्हणजे पळण्याची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपवर, ते सगळ्यांना दिसतं, दिसू दे. याच वेगाने मी पाचाची दहा केली, आणि नडगीने पुन्हा एकदाही तक्रार केली नाही.

आठवड्यातून तीन दिवस पळते. त्यातला एकच दिवस लांबचा, तो आठवड्याला एखाद्या किलोमीटरने वाढतो आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करते. आठवड्याचं अंतर आधीच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा दहा टक्क्यांचा नियम सगळे सांगतात, पण तोही काही कवच नाही. नेदरलँड्समध्ये नवशिक्यांचे दोन गट करून तो तपासला होता, २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. नियम पाळणाऱ्यांत आणि न पाळणाऱ्यांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखं, पाचांत एक. म्हणून आकड्यापेक्षा पायाचं ऐका. पोटऱ्या दोन्हीकडे सारख्या जड झाल्या असतील तर काळजी नाही. पण एकाच जागी, एका बोटाने दाखवता येईल असं दुखत असेल, सकाळच्या पहिल्या पावलाला कळ येत असेल, तर त्या दिवशी बूट घालूच नका. कुणी काहीही म्हणो.

जमेल तेव्हा काँक्रीट सोडून तळजाई टेकडीच्या मातीवर जा. वेताळ टेकडी सुंदरच आहे, पण नव्या माणसाने तिथे सुरुवातीला चालावं. उतारावर पळताना मांड्या आणि गुडघ्यांवर जो मार बसतो तो दुसऱ्या दिवशी कळतो.

भाचा दोन दिवस रुसला होता. मग काल रात्री मेसेज आला, "ठीक आहे, या डिसेंबरला दहा. एकवीस पुढच्या वर्षी." मी तीनदा वाचला तो.

रविवारी आम्ही दोघं तळजाईला सात किलोमीटर पळणार आहोत, पाढे म्हणत. पाच जमतात पण पुढे कसं जायचं कळत नाही, असं कुणी असेल तर जरूर या. पहाटे सहाला गेटपाशी. कुणालाही मागे सोडून पुढे जाणार नाही.