झोपलेल्याला पाणी घालू नये

उन्हाळ्यात ज्याला पाणी घालायचंच नसतं असं एक फुलझाड आहे, हे कळल्याबरोबर मी त्याचे दोन कंद मागवले. अमेरिकेतल्या वाळवंटी फिनिक्समध्ये राहणाऱ्या आळशी माणसाला आणखी काय हवं? नाव स्प्युरिया आयरिस.

ऑक्टोबरात कंद आले, ओल्या कागदात गुंडाळून. दाढीवाल्या, म्हणजे पाकळीवर केसाळ पट्टा असलेल्या, आयरिसचा कंद कोरडा पडला तरी चालतो, याचा चालत नाही. म्हणून तसेच फ्रिजमध्ये ठेवले. बायकोनं आंबेहळद समजून एक सोलायलाच घेतला. ऐनवेळी हिसकावला. कंद विषारी असतो, तेव्हा वाचलं नक्की कोण, हा प्रश्नच आहे. मग जमीन. आमच्या अंगणात वीतभर खाली चुनखडीचा असा थर लागला की कुदळ टणकन परत यायची. पहारीनं खड्डे केले, कंद दोन इंच खोल पुरले आणि कमरेला पट्टा बांधला.

एप्रिलात फूल नाही. जागा बदललेली याला सोसत नाही. वर्ष-दोन वर्षं रुसून बसतं. पुढे पानं पिवळी पडून पार वाळली. हीच त्याची झोप. साल 2023. सलग 31 दिवस पारा 43 च्या वर, गार पाण्याच्या नळाला चहाचं आधण. मी एसीत, झाड जमिनीत, दोघंही सुखात.

जुलैत सासरे आले.

"जावईबापू, झाड मेलंय."

"झोपलंय, बाबा."

"अकोल्याच्या माणसाला ऊन शिकवता? असल्या उन्हात आमच्याकडे कुरडया वाळतात. झाडं झोपत नाहीत, मरतात!"

त्यानंतर रोज तांदळाचं धुवण गुपचूप डाव्या कंदाला जाऊ लागलं. उजव्यापर्यंत पातेलं पुरत नव्हतं, एवढंच त्याचं नशीब. झोपेत ओल मिळाली की हा कंद कुजतो. सासरे गेल्यावर, पावसाळी ढगही गेल्यावर, उजवीकडे हिरवी पाती वर आली. डावीकडे उकरलं तर हाताला लापशी लागली. मी काही बोललो नाही. पोरगी त्यांची आहे.

पुढच्या एप्रिलात छातीएवढ्या दांड्यावर निळी-पिवळी फुलं आली. बायकोनं लगेच व्हिडिओ कॉल लावला. सासऱ्यांनी चष्मा पुसला, नीट पाहिलं आणि अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाहा! धुवणाचा गुण!"

मी फोन उजवीकडेच धरून ठेवला.