शून्य कार्य आणि भरलेली गोणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'बल आणि कार्य' या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "माझ्या वडिलांनी वाशीच्या दाणा मार्केटात तीस वर्षं गोण्या वाहिल्या. गोणी घेऊन सपाट चालणारा माथाडी शून्य कार्य करतो, हे एसीत बसणाऱ्यालाच सुचतं. आणि ५० किलोच्या गोणीचं वजन ४९० न्यूटन, तर वाण्याकडे साखरही न्यूटनमध्येच मागायची का?"

एसी नाही हो, कोपरखैरण्यात आमच्याकडे पंखाच आहे. पण बाकी राग रास्त. 'माथाडी शून्य कार्य करतो' हे वाक्य माझंच, आणि ते चुकलं. लिहायला हवं होतं ते असं : सपाट जाताना माथाडी गोणीला जे वर उचलून धरतो, ते बल शून्य कार्य करतं. शून्य त्या एका बलाच्या खात्यावर आहे, माणसाच्या नाही.

भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेनं सरकलेलं अंतर. इथे बल वर, गोणी जाते आडवी. दोघांत काटकोन, म्हणून शून्य. तीच गोणी जमिनीवरून दीड मीटर उचलून खांद्यावर घेतली की ४९० गुणिले दीड, म्हणजे ७३५ ज्यूल (ज्यूल हे कार्याचं एकक). इथवर पुस्तकातलंच.

मग सपाट चालताना घाम का फुटतो? गोणी रात्रभर ओट्यावर ठेवली तर ओट्याला काही खर्च येत नाही. स्नायूचं तसं नाही. नुसतं ताणून धरायचं म्हटलं तरी त्यातले बारीक धागे सतत एकमेकांना पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि दर पकडीला शरीराचं इंधन जळतं. गोणी तसूभर वर जात नाही. इंधनाची उष्णता होते आणि ती अंगातून बाहेर पडते.

शिवाय 'सपाट' हा शब्दही मी फार सैल वापरला. मागे मसाल्याच्या मिरच्या आणायला मार्केटात गेलो होतो, तेव्हा तुमची प्रतिक्रिया डोक्यात होती, म्हणून एका माथाडी काकांची चाल बघत उभा राहिलो. (दुकानदाराला वाटलं, मी भावावरून अडलोय.) ट्रकपासून गाळ्यापर्यंत साधारण ४० पावलं. गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी आणि भरभर, मानेवरची गोणी जवळजवळ एका रेषेत. आपण मोकळे चालतो तसं प्रत्येक पावलाला अंग ३ सेंटीमीटर वर गेलं असतं, तर नुसत्या गोणीसाठी दर पावलाला साधारण १५ ज्यूल, ४० पावलांचे जवळपास ६००. म्हणजे गोणी खांद्यावर चढवायला लागतात त्याच्या चार-पंचमांश! खाली येताना गुरुत्वाकर्षणाचा हिशेब फिटतो आणि बेरीज शून्य होते, पण स्नायूला ते सगळे ज्यूल परत मिळत नाहीत. उलट खाली येणारी गोणी आवरायलाही त्याला खर्च पडतो.

किलोचं उत्तर छोटं आहे. साखर किलोतच मागा. न्यूटनमध्ये मोजतात ते वजन, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं बल. तुम्हाला हवं असतं ते साखरेचं वस्तुमान, म्हणजे साखर किती आहे ते, आणि ते चंद्रावरही तेवढंच. दोन पारड्यांचा तराजू तिथेही बरोबर मापेल, कारण माप आणि साखर दोन्ही सारखीच हलकी होतील. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा मात्र खरं तर बल मोजतो आणि आकडा किलोत दाखवतो. तो चंद्रावर नेला तर एका किलोला १६०-१७० ग्रॅमच सांगेल.

'कार्य' या नावाचा घोळ जुना आहे. यंत्रांचा हिशेब मांडताना कोरिओलिस या फ्रेंच अभियंत्याने १८२९ साली या राशीला 'त्राव्हाय' म्हटलं, म्हणजे चक्क काम, मेहनत. आपण निदान 'काम' सोडून 'कार्य' तरी केलं.

तुम्ही लेख काढून टाका म्हणालात. लेख राहील, ते वाक्य आज बदललं आहे. वडिलांना एक विचाराल का? गोणीखालची ती बारीक पावलांची चाल त्यांना कुणी शिकवली होती, की पहिल्या आठवड्यातच पाठीनं शिकवली?