दारू सुटल्यावर मागे उरते ती भीती

"आता सुटली ना दारू, मग घाबरतोस कशाला?" हा प्रश्न घरचे लोक अगदी काळजीपोटी विचारतात. मलाही तो विचारला गेला आणि तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. आज सहा वर्षांनी ते लिहीत आहे, कारण या भीतीला मनाचा दुबळेपणा ठरवल्यामुळे शरमेने गप्प राहिलेली आणि पुन्हा प्यायला लागलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत.

या भीतीचा बराचसा भाग शरीराचा असतो. दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटला दाबून ठेवते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू या दडपणाविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू अचानक थांबली की दडपण जाते आणि जोर तेवढा उरतो. म्हणूनच हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकदम दारू बंद करू नये, हे मी हात जोडून सांगतो, कारण पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रमाची अवस्था येऊन जिवावर बेतू शकते. या बाबतीत घाबरणेच योग्य आहे. त्यानंतरही काही आठवडे विनाकारण धाकधूक वाटत राहते, पण ती हळूहळू ओसरते.

ओसरत नाही ती साठवलेली भीती. माझी एका खणात होती. पिण्याच्या काळात टपालाने आलेली, न उघडलेली पाकिटे मी त्यात कोंबत गेलो होतो आणि दारू सुटून पाच महिने झाले तरी त्या खणाला हात लावण्याची माझी हिंमत होत नव्हती. संध्याकाळी त्या खोलीत गेलो की घसा कोरडा पडायचा आणि तलफ नेमकी तिथेच उठायची.

मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातल्या एका हॉटेलात बिल विल्सन नावाच्या, दारू सोडू पाहणाऱ्या माणसावर अशीच वेळ आली होती. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते, ज्या कामासाठी आला ते फसले होते आणि समोर बार होता. त्याने मन घट्ट करण्याच्या भानगडीत न पडता टेलिफोन उचलला आणि बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळेल का, याची चौकशी सुरू केली. त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली आणि पुढे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठीची संघटना, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. मला या घटनेत सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की तो घाबरला होता आणि घाबरलेला असतानाच त्याने फोन केला. धीर आल्यावर बोलू, असे म्हणत मी मात्र पाच महिने घालवले होते.

शेवटी मी माझ्या स्पॉन्सरला, म्हणजे याच संघटनेतल्या, माझ्या आधी दारू सोडून मला वाट दाखवणाऱ्या सदस्याला, फोन करून "मला पाकिटांची भीती वाटते," एवढेच सांगितले. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन शेजारी बसले. एकूण ३१ पाकिटे निघाली. बहुतेक थकबाकीची होती, काहींची मुदत केव्हाच उलटून गेली होती आणि ज्यांची धास्ती घेतली होती ती हप्ते पाडून फेडता येण्याजोगी निघाली. तळाशी मात्र एका जुन्या मित्राचे तीन वर्षांपूर्वीचे पत्र होते. त्यात त्याने काहीही मागितले नव्हते, फक्त मी कसा आहे एवढे विचारले होते. थकबाकी फेडायला मी त्याच आठवड्यात सुरुवात केली. त्या पत्राला उत्तर लिहायला मला आणखी चार महिने लागले.